कावेरीचा पंचम

अप्पा,

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली. सात जण बोलले आणि सातही जण तुमच्या कानाबद्दल बोलले. प्राचार्य म्हणाले, अप्पांच्या कानातून सूर निसटत नसे. तबल्याचे सर म्हणाले, अप्पा जिन्यात असायचे आणि वर वर्गात कुणाचा निषाद हलला तर तिथूनच हाक मारायचे. उदगीरच्या शाळेत शिकवणारा तुमचा एक जुना विद्यार्थी डोळे पुसत म्हणाला, "अप्पांनी आमाला गाणं न्हाई शिकवलं, ऐकणं शिकवलं." लोकांनी माना हलवल्या. मग माझं नाव पुकारलं गेलं. एकवीस वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस, तेव्हा हा सगळ्यांत जास्त बोलेल असं त्यांना वाटलं असणार. मी तीन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. त्या तीन वाक्यांत तुमचा कान नव्हता.

जे बोललो नाही ते इथे लिहितो आहे. हे तुमच्याशी बोलायचं होतं, तुम्ही असताना. त्यासाठी मला सहा वर्षं मिळाली होती.

नांदेडला मी संगीतशास्त्र शिकवायला आलो तेव्हा तुम्ही विभागात गायनाला होतात. पहिल्या दिवशी माझ्या हातातली पुस्तकं बघून तुम्ही विचारलंत, "मास्तर, ह्यात गाणं कुठल्या पानावर हाय?" मी नुसता हसलो. मी कुठेच फारसं बोलत नाही, आणि तुम्ही ते आठवड्याभरात ओळखून माझ्या वाटणीचंही बोलायला लागलात. शास्त्राच्या माणसाला कान नसतो, डोळे असतात, असं तुमचं मत होतं आणि ते तुम्ही मुलांसमोर, शिपायासमोर, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर ऐकवत होतात. मला त्याचा राग येत नव्हता. ते खरंच होतं.

आठवतं का, मी फळ्यावर लिहून देत होतो: तंबोऱ्याच्या खर्जातून गांधार आपोआप निघतो, त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तुम्ही दारात उभे होतात. तास संपल्यावर विचारलंत, "तुम्ही ऐकलाय का तो?" मी खरं ते सांगितलं. नव्हता ऐकला. वाचला होता. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तुम्ही मला विभागाच्या खोलीत बोलावलंत, पंखा बंद केलात, तंबोरा जुळवलात आणि छेडत बसलात. बोलायचं नाही म्हणालात. तासभर मला चार तारा ऐकू येत होत्या. मग माझी पाठ दुखायला लागली, मग भूक लागली. बाराच्या सुमारास, मी ऐकायचं जवळजवळ सोडून दिलं तेव्हा, तो ऐकू आला. कुठल्याच तारेवर नसलेला, खर्जाच्या आतून वर येणारा. तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ओळखलंत आणि तंबोरा आडवा ठेवलात.

"झालं," तुम्ही म्हणालात. "आता तुमचे वांधे सुरू. आता तुम्हाला बेसूर बी ऐकू येनार."

मला कान तुम्ही दिलात, अप्पा. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

मग तो नवा अभ्यासक्रम आला. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला काय काय आलं पाहिजे त्याची यादी प्रत्येक कॉलेजाने करून पाठवायची होती. तुम्ही सांगणार, मी लिहिणार, असं ठरलं. तीन दुपारी आपण त्यावर घालवल्या. तंबोरा स्वतःचा स्वतः जुळवता आला पाहिजे, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत आणि त्याखाली रेघ मारायला लावलीत. इलेक्ट्रॉनिक डब्यावर नाही, मोबाइलवर नाही, कानावर. मग आपल्या गळ्याची पट्टी ओळखता आली पाहिजे, दुसऱ्याच्या पट्टीत ओढून ताणून गायचं नाही. कानावर पडलेली चार-सहा स्वरांची ओळ स्वरलिपीत उतरवता आली पाहिजे. हे माझं होतं, तुम्ही कुरकुरत मान्य केलंत. ताल हातावर, दुपटीत, चौपटीत. निदान अर्धा तास एक राग लोकांसमोर मांडता आला पाहिजे आणि त्याच्याबद्दल चार वाक्यं न अडखळता बोलता आली पाहिजेत. साथीदार वाजवत असताना गप्प बसता आलं पाहिजे. "हे लिहाच," तुम्ही म्हणालात, "आपल्या पोरांना हे येत न्हाई. तुम्हाला तेवढं छान येतंय."

शेवटचा मुद्दा माझा होता. स्वतःची चूक स्वतःला ओळखता आली पाहिजे. तुम्ही तो खोडलात.

"ह्याला मार्क कसे देनार? चूक कळली हे परीक्षकाला कसं कळनार?"

"गाताना थांबेल, दुरुस्त करेल."

"मंचावर थांबला तर मेला. लोक म्हनतील विसरला."

"मग तशीच चूक घेऊन पुढे जायचं?"

"पुढंच जायचं, मास्तर. मागं गाणं नसतंय."

आपण त्यावर पुष्कळ भांडलो. मी शेवटी तो मुद्दा न घालता यादी पाठवली, पण भांडण संपलं नव्हतं. बसस्टँडवर, कँटीनमध्ये, तुमच्या निवृत्तीच्या दिवशीसुद्धा ते कुठूनतरी वर यायचं.

आता कावेरीकडे येतो. हे तिचं खरं नाव नाही.

दर मे महिन्यात आपण दोघं प्रवेशासाठी गावोगाव फिरायचो. बिलोली, लोहा, नायगाव. मुलं आली नाहीत तर विभाग बंद, हे वरून बजावलेलं असायचं. नायगावकडच्या एका गावात आपण एका लग्नाला थांबलो होतो. आपलं कुणी नव्हतं. जेवण होतं आणि उन्हाचं बाहेर निघवत नव्हतं. मंगलाष्टकं म्हणायला एक मुलगी उभी राहिली. तिने माइक हातात घेतला आणि कर्णा कर्कश शिट्टीसारखा वाजायला लागला. मंडपवाला धावला, वायर हलवली, शिट्टी थांबेना. लोकांनी कानांवर हात ठेवले. त्या मुलीने डोळे मिटले, ती शिट्टी क्षणभर ऐकली आणि तोच स्वर षड्ज धरून खालच्या सप्तकात मंगलाष्टक सुरू केलं. शिट्टी वर वाजत राहिली आणि तिच्या गाण्याला ती साथ झाली. तुमच्या हातातला घास ताटात पडला.

"हिला कान हाय," तुम्ही म्हणालात.

तिचे वडील शेतकरी होते, त्यांनी अंगणात आपल्याला खाट टाकून बसवलं. "गान्यात बी डिग्री असती का?" त्यांनी विचारलं. तुम्ही हो म्हणालात. "पन पोरीला गानं यिऊनच राह्यलंय की. येतंय ते शिकायला नांदेडला कशापायी धाडायचं?" मी यादीतलं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तुम्ही मला हाताने थांबवलंत आणि म्हणालात, "पाटील, तुमच्या पोरीपाशी जे हाय ते मी तीस वर्षांत चार जनांपाशी बघितलं. त्यातला एक मी न्हाई." वडिलांनी पाण्याचा तांब्या आपल्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "रोज एसटीनं जाईल अन् येईल. तिथं ऱ्हायची न्हाई."

त्या एसटीमुळेच पुढचं सगळं झालं, असं मी कधीकधी स्वतःला सांगतो. बस साडेआठला यायची. सकाळचा तंबोरा साडेसातला जुळवला जायचा, पाळीपाळीने, मुलांनी. कावेरी त्या पाळीत कधीच नव्हती.

ती तिसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत तुम्हाला ताप आला, डावा कान फुटला, महिनाभर तुम्ही लातूरला होतात. परत आलात तेव्हा कानात कापूस होता आणि तुम्ही हसत होतात. गळा शाबूत होता. चाळीस वर्षं गायलेल्या गळ्याला वाट पाठ असते, त्याला कानाला विचारावं लागत नाही. म्हणून वर्गात कुणाला काही कळलं नाही. कळलं ते सकाळी साडेसातला. मुलं पंचमाची तार लावायची, नीट लावायची, आणि तुम्ही म्हणायचात, "पंचम उतरलाय. चढवा."

दोन आठवड्यांत मुलांनी उपाय काढला. त्यांच्यातल्या एकाने मला व्हरांड्यात हसत हसत सांगितला. "सर, खुंटीला नुसता हात लावायचा. पिळल्यासारखं करायचं. दहा मोजायचे. मग अप्पा म्हनतात, हां, आता आला."

मीही हसलो, अप्पा. त्याचा खांदा थोपटला. मग एका सकाळी मुद्दाम लवकर येऊन दाराबाहेर उभा राहिलो. तार बरोबर होती. तुम्ही "उतरलाय" म्हणालात. मुलाने खुंटीवर हात ठेवला, खुंटी हलली नाही, तार होती तिथेच होती, आणि तुम्ही समाधानाने "आला" म्हणालात. मी तिथून ग्रंथालयात गेलो आणि दुपारपर्यंत बाहेर पडलो नाही.

त्याच दिवशी मी तुमच्याकडे यायला हवं होतं. काय सांगणार होतो, ते शब्दसुद्धा जुळवले होते. पण तुम्ही समोर आलात आणि म्हणालात, "काय मास्तर, डोळे सुजले वाचून वाचून?" आणि मला वाटलं, शास्त्राच्या माणसाने गाणाऱ्याला सांगायचं की तुझा कान गेला? कोणत्या तोंडाने? निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मुलं सांभाळून घेत होती. तेवढं निघून जाईल, असा मी हिशोब केला.

परीक्षेच्या दिवशी खोलीत तुम्ही, बाहेरून आलेले परीक्षक आणि कागद भरायला मी. बाहेरचे सर उशिरा आले होते, त्यांना संध्याकाळी आणखी एका केंद्रावर जायचं होतं. तंबोरा जुळवणं पहिलं, यादीतल्यासारखं. एकेक मुलगा आला. तुम्ही "चढवा" म्हणालात, त्यांनी खुंटीवर हात ठेवून दहा मोजले, तुम्ही "आला" म्हणालात, ते गायले. ज्यांचा आवाज जेमतेम होता तेसुद्धा बरे गायले.

कावेरी अकरावी होती. तिने तारा ढिल्या केल्या आणि पहिल्यापासून लावल्या, घाई न करता, तुम्ही शिकवलं होतं तसं. षड्जाची जोड लागली, खर्ज लागला. पंचम तिने दोनदा थोडा इकडे तिकडे केला आणि सोडला. खोली भरली. त्या खोलीत एवढा जुळलेला तंबोरा मी त्या रविवारनंतर ऐकला नव्हता. गांधार वर आला होता.

तुम्ही म्हणालात, "पंचम उतरलाय."

तिने तुमच्याकडे पाहिलं. आणि तिने खुंटी पिळली. खरीखुरी. तिला ती युक्ती कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी तिने केली असती असं मला वाटत नाही. अप्पा म्हणतात उतरलाय, म्हणजे उतरला असणार.

"अजून."

तिने अजून पिळली. तार चढली. बाहेरच्या सरांची मान कागदावरून वर आली.

"अजून थोडा."

"सर," ती म्हणाली, "आता चढला."

"कोन म्हनतं?"

तुम्ही तिच्याकडे बघत होतात, बाहेरचे सर माझ्याकडे. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांना कळलं होतं. त्यांनी खांदे किंचित उचलले, म्हणजे तुम्ही इथले, तुम्हीच बोला. माझ्या हातात पेन होतं. मी कावेरीच्या नावापुढे तारीख लिहिली.

"हां," तुम्ही म्हणालात. "आता आला. गा."

ती त्या तंबोऱ्याबरोबर गायली. दुसऱ्या कुणाला जमलं असतं; ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला काहीच अडचण आली नसती. तिचा पंचम आपल्या जागी लागायचा आणि तार तिला वर ओढायची. ती तारेकडे गेली की षड्ज हातातून सुटायचा. तिने चार वेळा पुन्हा सुरुवात केली. आपल्याच घरातलं फर्निचर कुणी हलवल्यावर माणूस अडखळतो तशी ती विलंबितात अडखळत होती. दहाव्या मिनिटाला ती थांबली आणि हात जोडले. तुम्ही उठलात, तिच्या डोक्यावर हात ठेवलात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही तिला काय म्हणालात ते तिने मला काल सांगितलं, पण मी तेव्हाही ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाई, गळा देवानं दिला. कान द्यायचा ऱ्हायला. माझीच पारख चुकली."

ती नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसता आलं असतं. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वडिलांनी घेतला. "झालं तेवढं बास झालं सर," ते म्हणाले. "अप्पाच म्हनून राह्यले कान न्हाई, मग आता कुनाला इचारायचं?" त्या वर्षी तिचं लग्न झालं.

तुम्हाला तिचं वाईट वाटत राहिलं, हे मला माहीत आहे. पुढच्या मेमध्ये आपण नायगावच्या बसमध्ये बसलो होतो आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "मास्तर, मी त्या मंडपात कसा काय फसलो?" तेव्हा बसमध्ये आपण दोघं शेजारी होतो, पाऊण तासाचा रस्ता होता आणि माझ्या तोंडात उत्तर होतं. मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

मग तुम्ही निवृत्त झालात, लातूरला मुलाकडे गेलात. मी वर्षातून दोनदा यायचो. वहिनी भाकरी, ठेचा, वरून तूप वाढायच्या, तुम्ही मला शास्त्रावरून टोमणे मारायचात. एकदा तुम्ही आपणहून विचारलंत, "ती पोरगी कुठं असती? गाती का?" मी म्हणालो, माहीत नाही. ते खोटं नव्हतं. मी माहीत करूनच घेतलं नव्हतं.

तुम्ही लिंगैक्य झाल्याचा फोन आला तेव्हा मी निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता बसमध्ये उभा राहून. पोचलो तेव्हा तुम्हाला बसवलं होतं, कपाळावर विभूती, हातात इष्टलिंग. मान किंचित डावीकडे कलली होती. कुणीतरी नीट केली, ती पुन्हा कलली. तुमच्याकडचं भजन चाललं होतं आणि पेटी अर्ध्या स्वराने वर होती, आणि मी तिथे उभा राहून तेच ऐकत होतो. माणूस समोर बसलेला असताना मला पेटीच ऐकू येत होती.

पाचव्या दिवशी वहिनींनी तुमचं कपाट उघडलं. पुस्तकं माझ्यासाठी ठेवली होतीत. त्यांच्यामागे एक छोटी डबी होती.

"हे कानाचं मशीन," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरनं त्याच दिवाळीत दिलं व्हतं. घातलंच न्हाई. म्हनायचे, ह्यातनं तंबोरा डब्यात वाजल्यागत वाजतो. घरी टीव्ही बघताना तेवढं घालायचे, अन् कोनी आलं की काढून ठेवायचे. तुम्ही आलात की बी."

तेव्हापासून मी एकाच गोष्टीवर अडकलो आहे. तुम्हाला कमी ऐकू येतं हे तुम्हाला ठाऊक होतं. चुकीचं ऐकू येतं हे ठाऊक होतं का? मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, एका कानाला इजा झाली की कधीकधी त्या कानाला ठरावीक उंचीचा स्वर खालचा ऐकू येतो, बाकीचे नीट. गाणाऱ्यालाच त्याचा त्रास. कमी ऐकू येतं ते माणसाला स्वतःला कळतं, कारण लोकांची तोंडं हलताना दिसतात. चुकीचं ऐकू येतं ते मात्र बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं. असं मी ठरवलं आहे. ठाऊक असताना तुम्ही तिला तसं बोलला असतात, हे मला मानवत नाही. पण हे ठरवलं की सगळं ओझं माझ्याकडे येतं, आणि ते यायलाच हवं.

काल मी नायगावला गेलो. तिचं आणि नवऱ्याचं बाजारात मॅचिंग सेंटर आहे, अस्तरं, लेस, फॉल. बायका ब्लाउजपीस घेऊन उभ्या होत्या आणि ती न बघितल्यासारखं बघून मागच्या फळीवरून नेमका रंग काढून देत होती. मला बघून ती उठली.

"सर. या, बसा. पानी आनते. अप्पांचं कळलं मला, ग्रुपवर आलं व्हतं." ती खाली बघत म्हणाली, "लई जीव लावला त्यांनी मला. लातूरला जायचं व्हतं. कोनत्या तोंडानं जायचं म्हनून न्हाई गेले."

मी विचारलं, गातेस का. ती हसली. "न्हाई सर. पोरीला झोपवताना बी मोबाइलच लावते. उगं तिच्या कानावर बेसूर कशाला पाडायचं."

बायका गेल्यावर मी तिला सांगितलं. सहा वर्षं जुळवलेलं होतं, तरी नीट आलं नाही. म्हणालो, कावेरी, त्या दिवशी तू तंबोरा बरोबर लावला होतास. पहिल्यांदा लावलास तेव्हाच. पंचम उतरलेला नव्हता. अप्पांना कानाचा त्रास होता, त्यांना चुकीचं ऐकू येत होतं.

ती लेसची गुंडाळी गुंडाळत होती. तिचा हात थांबला नाही.

"सर, मानूस गेल्यावर असं बोलू नये."

"खरं आहे म्हणून बोलतो आहे. बाकीची मुलं खुंटीला नुसता हात लावायची. तू खरी पिळलीस."

"तुम्ही माझं मन राखायला म्हनून राह्यलात. एवढ्या लांब आलात, बरं वाटलं."

"तुला तेव्हा कळलं होतं, कावेरी. तू म्हणालीस, आता चढला."

"हाव, म्हनले व्हते." ती पहिल्यांदा थांबली. "मला तसं वाटलं व्हतं. मग अप्पांनी इचारलं, कोन म्हनतं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही लिहीत व्हता. त्या बाहेरच्या सरांकडं बघितलं, ते बी काही म्हनले न्हाईत. तवाच मला उमजलं, माझंच चुकतंय. तीन तीन सर बसलेले. तिघंच्या तिघं चुकीचे कसं असतील?"

मी म्हणालो, मी घाबरलो होतो. तिला ते समजलं नाही. सरांनी घाबरायचं काय कारण, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी तिला सांगितलं की पुन्हा परीक्षेला बसता येईल, अजून मुदत आहे, मी फॉर्म आणतो, फी भरतो, सकाळच्या बसने तुझ्याबरोबर येतो. ती नको म्हणाली नाही. तिने चहा मागवला. एक गिऱ्हाईक आलं, हिरव्याला हिरवं मागायला, तिने तीन हिरवे पुढे टाकले आणि म्हणाली, हा नाही, हा नाही, हा घ्या. मग माझ्याकडे वळून समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, सर. अप्पांनी खरं ते सांगितलं म्हनून वाचले. न्हाईतर जन्मभर बेसूर गात बसले असते अन् लोक हसले असते."

चहा संपेपर्यंत मी बसलो. आणखी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तुमच्यासाठी, मी तुमच्याबद्दल असं बोलत होतो म्हणून. मग मी थांबलो.

हे छापून आलं की विभागातल्या लोकांना वाईट वाटेल. आज लातूरला जाऊन वहिनींना वाचून दाखवलं, त्या उठून आत गेल्या. कावेरीपर्यंत हे पोचलं तरी ती त्यावर विश्वास ठेवणार नाही. त्या खोलीत मी गप्प बसलो त्यावर तिने विश्वास ठेवला आहे, आणि तो आता माझ्या कुठल्याही बोलण्याने हलत नाही. माझ्या तोंडून ती मानणार नाही. तिला ते फक्त तुम्ही सांगू शकला असतात, अप्पा, आणि तुम्हाला फक्त मी.